सतरा नंबर हजर

मैनेचं खरं नाव कॉलेजच्या रजिस्टरात होतं आणि बिचारं तिथेच पडून असायचं. सगळे तिला मैनाच म्हणत, कारण ही पोरगी कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. प्राचार्यांचं खाकरणं, कॅन्टीनवाल्याचं "पुढे सरका, पुढे सरका", लायब्ररीतल्या बाईंचं नाकातून हसणं, सगळं तिच्या गळ्यात तयार. घरी आई म्हणायची, "एक दिवस ही खोड तुला नडणार आहे, बघ." आयांचं असंच असतं. त्या भविष्यं सांगून मोकळ्या होतात आणि त्यातलं एखादं नेमकं खरं ठरतं.

पण मैनेची सगळ्यात मुरलेली नक्कल हसवण्यासाठी नव्हतीच. ती रोज सकाळी सात वाजता, प्राणीशास्त्राच्या तासाला व्हायची. मॅडम हजेरी घेत. "सतरा?" म्हटलं की मागच्या बाकावरून एक पातळ, झोपाळलेला, पहिलं अक्षर अर्धवट गिळलेला आवाज यायचा, "हजर मॅडम." लगेच "अठरा?" आणि त्याच बाकावरून खणखणीत, "हजर मॅडम!" अठरा नंबर मैनेचा स्वतःचा. सतरा नंबर तिच्या जिवलग मैत्रिणीचा, आणि ती मैत्रीण त्या वेळी घरी असायची. दोन वर्षांत एका श्वासात दोन माणसं हजर करायची मैनेला अशी सवय लागली होती, की सतरा ऐकलं की तोंड आपलं आपण उघडायचं. डोक्याला विचारायची गरजच नाही.

त्या मैत्रिणीला सगळे गोगी म्हणत. गोगी म्हणजे गोगलगाय. चालणं सावकाश, जेवणं सावकाश, आणि ती "दोन मिनिटं थांब" म्हणाली की माणसाने खुशाल बसून घ्यावं. पण सात वाजताचा तास ती चुकवायची ते आळसापोटी नव्हे. तिची आई हॉस्पिटलात नर्स, कायम रात्रपाळीला. आजोबा अंथरुणाला खिळलेले. आई साडेसातला घरी पोचायची, आणि तोवर आजोबांना एकटं टाकून गोगी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. वडील फार आधीच गेलेले. मैनेने पहिल्याच महिन्यात हे सगळं पाहिलं आणि कुणी न सांगता सतरा नंबर आपल्या अंगावर घेतला. याला खोटेपणा म्हणायचं तर म्हणा बापडे, मैना त्याला मैत्री म्हणायची.

त्यामुळे तिसऱ्या वर्षाची सहल ठरली, राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी बघायला, तेव्हा गोगी काही येत नाही हे दोघींनी धरूनच चाललं होतं. आणि सहलीच्या चार दिवस आधी गोगी कॅन्टीनमध्ये आली, समोर बसली, पाणी प्यायली, रुमालाने तोंड पुसलं आणि मग म्हणाली, "आईने रजा टाकली."

"म्हणजे?"

"म्हणजे मी येतेय."

"अगं मग आल्या आल्या सांगायचं ना! पाणी काय पळून जात होतं?" मैनेने टेबलावरूनच तिला मिठी मारली आणि कुणाचा तरी चहा सांडला.

निघायच्या दिवशी पहाटे, आजोबांपाशी घटकाभर शेजारणीला बसवून, बसपाशी गोगीची आई स्वतः आली होती. डोळ्यांखाली काळं, पण चेहरा हसरा. पोरीला स्वेटर घातलास का, रुमाल घेतलास का, गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत, सगळं विचारून झालं. मग ती मैनेकडे वळली. "हिचं सगळं सावकाश असतं, तुला माहितीये. जरा लक्ष ठेव गं बाई."

"मावशी, तुम्ही निर्धास्त झोपा. माझ्या नजरेआड होऊ देणार नाही," मैना म्हणाली. अगदी छातीवर हात ठेवून म्हणाली.

बसमध्ये मॅडमनी पहिली हजेरी घेतली. या मॅडमना मुलं आपसात दुर्बीण म्हणत. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागच्या बाकावर कोण शेंगदाणे खातंय हे त्यांना कळायचं. पोरं सत्तावीस, आणि मॅडमचा नियम असा की गाडीत चढलं की हजेरी, उतरलं की हजेरी. नंबर पुकारायचा, आवाज आला की रजिस्टरात खूण.

"सतरा?"

"हजर मॅडम," बसच्या मागून आलं.

"हजर मॅडम," बसच्या पुढूनही आलं. तोच पातळ आवाज, तेच गिळलेलं अक्षर.

सगळी बस फुटली. मैनेने तोंडावर हात मारून घेतला. मॅडमनी चष्मा काढला, मैनेकडे पाहिलं, चष्मा परत लावला. "आज सतरा नंबर फारच हजर आहे," एवढंच म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

"अगं आज मी आहे ना! माझं मी बोलेन," गोगी नंतर तिच्या कानाशी कुजबुजली.

"सवय गं. जाता जाता जाईल."

ही सवय किती जड जाणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

दुपारी अडीचला उद्यानाच्या गेटावर तीन उघड्या जीपगाड्या उभ्या होत्या. मॅडमनी एकेका गाडीत नऊ पोरं बसवली आणि जोड्या मुद्दाम फोडल्या. मैत्रिणी शेजारी बसल्या की जनावरांपेक्षा जास्त आवाज करतात, हे त्यांचं वीस वर्षांचं निरीक्षण. मैना पहिल्या गाडीत, मॅडम मधल्या, गोगी तिसऱ्या. तिसऱ्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी प्रयोगशाळेतले काका बसले. ते बेडकापासून बिबट्यापर्यंत सगळ्यांकडे सारख्याच निर्विकारपणे बघत.

मधल्या गाडीचे गाईडकाका मुख्य. काटकुळे, उन्हाने रापलेले, आवाज हळू पण बोलणं ठासून. "गाडीतून उतरायचं नाही. ओरडायचं नाही. रस्ता एकदिशा आहे, एका गेटाने आत, फेरा मारून दुसऱ्या गेटाने बाहेर, सहाला गेट बंद. मध्ये एक मनोरा आहे, दगडी, पाणवठ्यावर. तेवढ्या एकाच ठिकाणी उतरायचं. फोनला आत रेंज नाही, तेव्हा ते खिशात ठेवा. आणि समजा कुणी मागे राहिलंच, तर शोधायला निघायचं नाही. मनोऱ्यात वर जायचं, दार आतून लावायचं आणि बसायचं. जंगलात चालत सुटलेला माणूस सापडत नाही, बसलेला सापडतो."

पोरं हसली. सत्तावीस धडधाकट माणसांत मागे कोण राहणार?

पहिला दीड तास जंगलाने कुणाला भीक घातली नाही. हरणांची पाठमोरी पांढरी शेपटं, एक मुंगूस, आणि लेंड्या. लेंड्या मात्र भरपूर. मॅडम प्रत्येक ढिगाशी गाडी थांबवायला लावत आणि उभ्या राहून तिन्ही गाड्यांना ऐकू जाईल असं सांगत, "नीट बघा! यात केस दिसतायत ना? म्हणजे मांसाहारी!" बिबट्या बघायला आलेल्या पोरांनी बिबट्याचं कालचं जेवण पाहिलं आणि एकमेकांकडे बघून सुस्कारे सोडले.

मनोऱ्यापाशी पोचेपर्यंत चार वाजले. सगळे धडाधड उतरले. खाली कुंपणाचं अंगण, एका कडेला संडास, मनोऱ्याच्या आत अरुंद जिना आणि वर फटीसारख्या खिडक्यांची खोली. सत्तावीस जण त्या खोलीत एकदम घुसले, बिस्किटांचे पुडे फुटले, कुणीतरी कुणाच्या पायावर पाय दिला, आणि पाणवठ्यावर जो एकुलता एक बगळा होता तोही कंटाळून उडाला. "आवाज थांबला की जनावर येतं," गाईडकाका म्हणाले, पण ते ऐकायला तिथे आवाज थांबायला हवा होता. वीस मिनिटांनी सगळे खाली आले.

म्हणजे एक सोडून सगळे. जिन्याशी गोगीने प्रयोगशाळेतल्या काकांना विचारलं होतं, "काका, आता मी पहिल्या गाडीत मैत्रिणीकडे बसू?" काका म्हणाले, "बस, पण मॅडमना दिसू नको." गोगी हो म्हणाली, आणि मग तिला वाटलं की सगळे उतरलेत, वर आता शांत असेल, दोन मिनिटं खिडकीशी उभं राहावं. ती परत वर गेली. गोगीची दोन मिनिटं ती.

खाली मॅडम मधल्या गाडीत उभ्या राहून नंबर पुकारू लागल्या. पहिल्या गाडीत मैनेचा खेळ रंगात आला होता. "नीट बघा! यात केस दिसतायत ना?" ती मॅडमच्या आवाजात सांगत होती आणि आठ जण पोट धरून हसत होते. तेवढ्यात मागून "सतरा?" आलं. मैनेचं तोंड उघडलं. पातळ, झोपाळलेला, पहिलं अक्षर गिळलेला आवाज निघाला, "हजर मॅडम." मग "अठरा?" आणि खणखणीत "हजर मॅडम!" आणि परत लेंड्या. तिला स्वतःलाही कळलं नाही. आपण श्वास घेतला हे कुठे कळतं माणसाला?

सत्तावीस खुणा झाल्या. तिन्ही गाड्या निघाल्या.

पुढे अर्ध्या तासाने रानडुकरं आडवी आली. चांगली पंधरा-वीस, पिल्लांसकट, घाई कसलीच नाही. गाड्या थांबल्या. मागची गाडी नीट दिसावं म्हणून शेजारी येऊन उभी राहिली. मैनेचा आनंद गगनात मावेना, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की गोगी हे बघतेय ना? तिने तिसऱ्या गाडीत पाहिलं. मागच्या बाकांवर आठ डोकी. पुन्हा पाहिलं. आठच.

तिने हातानेच विचारलं, गोगी कुठाय? पलीकडच्या मुलीने तिच्याकडेच बोट केलं. तुमच्याकडे ना?

मैना गाडीत ताडकन उभी राहिली.

"मॅडम!" ती ओरडली. ओरडायचं नाही हा नियम गेला चुलीत. डुकरं उधळली. "मॅडम, गोगी नाहीये!"

मग एकच गोंधळ. काका म्हणाले, ती पहिल्या गाडीत गेली. पहिली गाडी म्हणाली, आलीच नाही. मॅडमचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला, पण आवाज हलला नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं. "मनोऱ्यापाशी सतरा नंबर हजर होता. मी स्वतः ऐकलंय. म्हणजे गाडीत चढली होती. त्यानंतरच कुठेतरी..."

"मग रस्त्यातच कुठेतरी उतरली किंवा पडली," गाईडकाका म्हणाले. त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला होता. "तसं असेल तर मनोऱ्यात जाऊन उपयोग नाही. गेटावरून माणसं बोलवतो, दोन्ही कडांनी झाडी बघत जावं लागेल. उजेड तास-दीड तासाचा आहे."

तेव्हा मैनेला आठवलं. आधी कानाला आठवलं. सकाळी बसमध्ये सतराला दोन आवाज आले होते, आणि सगळे हसले होते. मनोऱ्यापाशी कुणीच हसलं नव्हतं. एकच आवाज होता. तो कुणाचा होता ते तिच्या घशाला पक्कं ठाऊक होतं.

खोटं कशाला बोला, एक क्षण तिच्या मनात आलं की गप्प बसावं. सगळ्या वर्गासमोर, गाईडसमोर, मॅडमसमोर काय तोंड दाखवायचं? पण त्याच क्षणी तिला दुसरंही दिसलं, की ही सगळी माणसं आता झाडी तुडवत भलतीकडे शोधत बसणार, आणि तिकडे अंधार पडणार. आपण गप्प राहिलो तर गोगी दुसऱ्यांदा मागे राहील.

"मॅडम, ती चढलीच नव्हती," ती म्हणाली. "सतरा नंबर मी बोलले. तिच्या आवाजात. मुद्दाम नाही मॅडम, शप्पथ. तोंडातून निघून गेलं. सवयीने."

मॅडमनी चष्मा काढला. आता फाडकन एक बसणार असं मैनेला वाटलं, आणि बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"मनोरा," मॅडम गाईडकाकांना म्हणाल्या. "ती मनोऱ्यातच आहे. चला."

"रस्ता एकदिशा आहे मॅडम."

"माझी पोरगी तिकडे आहे."

गाईडकाकांनी वॉकीटॉकीवर गेटाला चार शब्द सांगितले, पोरांना उरलेल्या दोन गाड्यांत कोंबलं आणि गाडी वळवली. मैना न विचारता मागे चढून बसली होती. तिला कुणी उतर म्हटलं नाही.

ती वीस मिनिटं मैना जन्मात विसरणार नाही. गाडी अशी उडत होती की दात एकमेकांवर आपटत होते. प्रत्येक झुडपात तिला काहीतरी पिवळं दिसायचं. नको ते सगळं मनात आलं. गोगीची आई बसपाशी उभी, हातात रिकामी पिशवी. निर्धास्त झोपा मावशी! काय पण शहाणी! ती मुळुमुळु रडू लागली, मग हुंदके देऊन रडू लागली.

"रडू नकोस, ऐकू येत नाही मला काही," मॅडम म्हणाल्या. त्या रस्त्यावरची नजर हलवत नव्हत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय मॅडम?"

"दोन वर्षांपासून. अठरा नंबरला सर्दी झाली की सतरा नंबरलाही व्हायची. मी काय बहिरी आहे?"

मैनेचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"तिची आई पहिल्या वर्षीच मला भेटून गेली होती," मॅडम म्हणाल्या. "सगळं सांगितलं तिने. म्हटलं, दोघी पोरी आपापसात निभावतायत तर निभावू देत. आपण कशाला मध्ये कडमडा. सकाळी बसमध्ये दोन आवाज आले तेव्हाच तुझा कान धरायला हवा होता, तर मी विनोद केला. आणि मनोऱ्यापाशी नुसत्या कानांनी मोजलं. चष्मा काय शोभेला लावते मी?" त्यांनी मागे हात करून मैनेचा गुडघा घट्ट दाबला. हात थंडगार होता. मैनेने तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

मनोरा दिसला. ऊन अजून वरच्या दगडांवर होतं. अंगण रिकामं. गाईडकाकांनी इंजिन लांबच बंद केलं, आधी चहूकडे पाहिलं, मग हाताने थांबा म्हणून एकटेच पुढे गेले. दार ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. मग ते वळले, आणि दुपारपासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

"कडी आतून आहे," ते म्हणाले. "म्हणजे आत माणूस आहे. बिबट्या कडी लावत नाही."

मॅडम मटकन गाडीच्या पायरीवर बसल्या.

मैना दाराशी धावली. "गोगी! गोगी गं!" हळू ओरडायचं म्हणजे कसं ओरडायचं, ते तिने त्या दिवशी शोधून काढलं. वरच्या फटीतून एक हात बाहेर आला. हाताने गप्प बसायची खूण केली. आणि मग अगदी दबक्या, पातळ, पहिलं अक्षर गिळलेल्या आवाजात वरून शब्द आले.

"दोन मिनिटं."

आयुष्यभर या दोन शब्दांनी मैनेचं डोकं फिरवलं होतं. आज ती दाराला टेकली आणि ऐकतच राहिली. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हे. पडला, आणि तळाशी जाऊन नीट बसला.

पायऱ्यांवर पावलं वाजली, सावकाश, एकेक. कडी निघाली. गोगीचे डोळे रडून सुजलेले होते, पण चेहरा उजळलेला. तिने तोंडावर बोट ठेवलं, मैनेचा हात धरला आणि तिला वर ओढून नेलं. मागून मॅडम आणि गाईडकाका चवड्यांवर.

पाणवठ्याच्या पलीकडे, सपाट खडकावर, बिबट्याची मादी पसरली होती. दोन पिल्लं तिच्या शेपटीशी खेळत होती. आई शेपूट डावीकडे टाकायची, दोघं डावीकडे कोलमडायची. उजवीकडे टाकायची, दोघं उजवीकडे. मॅडमनी तोंडावर हात दाबून धरला. वीस वर्षं पोरांना घेऊन येतेय, त्या मागाहून म्हणाल्या, वीस वर्षांत मी फक्त लेंड्या पाहिल्या.

मैनेने बिबट्या पाहिला, पिल्लं पाहिली, शेजारी उभी असलेली जिवंत, धडधाकट गोगी पाहिली, आणि तिला असा हुंदका फुटला की सगळा मनोरा घुमला. खडक एका क्षणात रिकामा.

"घालवलीस ना!" गोगी म्हणाली. "तासभर मी शिंकसुद्धा दाबून बसले होते!"

मैनेने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग दुसरा, मग तिला मिठीत घेऊन इतकं आवळलं की गोगी म्हणाली, "अगं, बिबट्यापासून वाचले, तू मार आता."

"घाबरली नाहीस?"

"पहिली दहा मिनिटं नुसती रडले. गाड्यांचा आवाज ऐकून खाली धावले, तर धूळ दिसली. मागे पळणार होते, पण माझं पळणं तुला माहितीये. म्हटलं, गाईडकाका म्हणाले तसं करू. दार लावलं आणि बसले. बसायला मला जमतं." गोगीने नाक पुसलं. "आणि म्हटलं, पुढे कुठेतरी हजेरी होईलच ना. सतराला कुणी बोलणार नाही, लगेच येतील शोधत."

मैना खाली बघत राहिली. हे सांगणं तिन्ही गाड्यांसमोर सांगण्यापेक्षाही अवघड होतं. "हजेरी इथेच झाली," ती म्हणाली. "सतराला मी बोलले."

गोगीने तिच्या पद्धतीने, सावकाश, याचा विचार केला.

"सवय," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"माझ्यासाठीच लागलेली ना." आणि तिने मैनेच्या बाहीला आपलं नाक पुसलं. रुमाल खिशात होता, तरी.

सहाला पाच कमी असताना गाडी दुसऱ्या गेटातून बाहेर पडली. पंचवीस जण आणि प्रयोगशाळेतले काका गेटाच्या आडव्या दांडीला चिकटून उभे होते. गोगीला पाहून जो गलका झाला, त्याने आतली उरलीसुरली जनावरंही पळाली असतील. काकांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्याने गोगीला पाण्याची बाटली दिली. तिने बिबट्याचं सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. मग मॅडम म्हणाल्या, "मी पाहिलाय," आणि सगळ्या वर्गाने एका सुरात कपाळावर हात मारला. अख्खा वर्ग नियमाने वागून लेंड्या बघून आला होता, आणि मागे राहिलेलीने जंगल लुटलं होतं.

गेटावरच्या टेलिफोनवरून मॅडमनी गोगीच्या आईला फोन लावला. जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आपली चूकही सांगितली, आणि फोन गोगीच्या हातात दिला. गोगी बराच वेळ "हो आई, हो आई" करत होती. मग तिने मैनेला बोलावलं. मैनेने फोन कानाला लावला.

"मावशी, माझंच चुकलं..."

"ते मॅडमनी सांगितलं," पलीकडून आवाज आला. तोही रडवेला. "कबूल केलंस हेही सांगितलं. आता असं कर, सहलीहून आलीस की आधी आमच्याकडे जेवायला ये. कान धरायचाय तुझा, पण पोट भरल्यावर धरीन."

बसमध्ये सगळे बसले. मॅडम या वेळी दारात उभ्या राहिल्या नाहीत. त्या बसच्या शेवटापासून निघाल्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत पुढे आल्या. एक, दोन, तीन. मोठमोठी दाढीवाली पोरंसुद्धा मान खाली घालून मुकाट्याने मोजून घेत होती. पुढे पोचल्यावर मॅडम थबकल्या. "अठ्ठावीस?"

"मॅडम, मला दोनदा मोजलंत," गोगी म्हणाली.

"बरं मग," मॅडम म्हणाल्या, आणि रजिस्टर उघडलं. "आता तोंडाने."

नंबर सुरू झाले. इतक्या शांतपणे त्या वर्गाने कधी हजेरी दिली नव्हती. "सोळा?" हजर. "सतरा?" म्हटलं तेव्हा सगळ्या बसच्या नजरा मैनेकडे. मैनेने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

"हजर मॅडम," गोगी म्हणाली. पातळ, सावकाश, स्वतःचं स्वतः.

"अठरा?"

मैनेने हात काढले. तोंड उघडलं. आवाज येईना. दुनियेतल्या सगळ्यांचे आवाज काढणाऱ्या त्या पोरीला स्वतःचा आवाज निघेना. डोळ्यांतून मात्र घळघळा पाणी.

"अठरा?" मॅडमनी परत विचारलं.

तेव्हा मैनेच्या शेजारून एक आवाज आला. भसाडा, फाटका, कुणाच्याही आवाजाशी न जुळणारा. गोगी मैनेची नक्कल करत होती. जन्मात पहिल्यांदा.

"हजर मॅडम!"

बस हसून हसून लोळली. इतकी वाईट नक्कल कुणी ऐकलीच नव्हती. मैना रडता रडता हसत होती आणि हसता हसता उचक्या देत होती.

मॅडमनी चष्मा काढला. बस चिडीचूप. त्यांनी खाली वाकून अठरा नंबरकडे पाहिलं, अगदी जवळून, डोळे, नाक, रडून लाल झालेले गाल, सगळं तपासून घेतल्यासारखं.

"आहे," त्या म्हणाल्या. खूण केली आणि पुढचा नंबर पुकारला.